फुकटचा बेस

१३ एप्रिल, रविवार
सीझनची पहिली मॅच. हरलो. वारा असा की टोपी दोनदा कुंपणापलीकडे, घोड्यांच्या शेतात. माझी बॅटिंग तीन वेळा आली. दोनदा वॉक, एकदा आउट. आउट म्हणजे आपला सरळ पिचरच्या हातात अलगद झेल.

फर्गल, आमचा कोच, साठी उलटलेला. बॉस्टनमध्ये बरीच वर्षं छपरं घातली आणि तिथून हा बेसबॉलचा खेळ घेऊन परत आला. मॅच संपल्यावर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नजर ग्रँड आहे, व्हॅश. पण मला बॅट हवीय."

वैशाली म्हणायला जमत नाही कुणाला. व्हॅश तर व्हॅश.

नवरा, मंदार, सोडायला आला होता, पावसामुळे थांबला. गाडीत म्हणाला, "आज सगळ्यांत जास्त वेळा बेसवर तू होतीस. लक्षात आलं का कुणाच्या?" म्हटलं, ती बॅटिंग नाही. पिचरला नीट टाकता येत नाही, त्यात माझं काय.

खांदा दुखतोय. हॉट प्रेसमधला, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटातला, शेकायचा पट्टा सापडत नाही.

१६ एप्रिल, बुधवार
ऑफिसात दिवसभर कार्गोच्या फ्लाइट्स पुढे-मागे. संध्याकाळी आईशी व्हिडिओ कॉल. तिनं विचारलं, "जितल्या का?" सांगितलं, नाही, पण मला दोन वॉक मिळाले. वॉक म्हणजे काय? चार बॉल बाहेरचे पडले आणि आपण बॅट फिरवली नाही, की पहिल्या बेसवर फुकट चालत जायचं.

आई म्हणाली, "म्हंजे उभं राह्यलं की भेटते? मंग बॅट कायले नेतं संगं?"

मंदार स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता हसत सुटला. मला नाही आलं हसू. आईनं मला अमरावतीच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळताना पाहिलंय. तेव्हा मी उभी राहायला जात नसे. सर लांबून ओरडायचे, "वैशाली, तोड!" आणि मी तोडायची.

२७ एप्रिल, रविवार
दुसरी मॅच जिंकलो. परत दोन वॉक. एक हिट, पण बॅटच्या बुडाला लागून गेलेली, ती काय हिट. डॅरानं दोन बॉल कुंपणाबाहेर घातले आणि बाकी वेळी हवेत बॅट फिरवून आउट झाला. पंचविशीचा, विमानांच्या हँगरमध्ये काम करतो, दारासारखा रुंद. सगळे त्याच्या नावानं ओरडत होते. मीही.

मं. आज स्वतःहून आला, लेकीला, इराला घेऊन. थर्मास, फोल्डिंगची खुर्ची, आणि काहीतरी मोजत होता. मला ओळखीचा आहे तो चेहरा. ऑफिसातून एखादा भारी डेटा हाती लागला की असा दिसतो.

११ मे, रविवार
पावसानं मॅच मध्येच थांबली. सामान ठेवायच्या कंटेनरमध्ये सगळे दाटीवाटीनं बसलो. मं.चा चहा, माझा चिवडा. फर्गलनं चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले.

विषय कुणी काढला आठवत नाही. बॅटरची किंमत कशी ठरवायची.

फर्गल म्हणाला, "सोपं आहे. घरी, म्हणजे होम बेसवर, कोण आणतं ते मोज. माणूस तिसऱ्या बेसवर उभा आहे, त्याला घरी आणते ती बॅट. बाकी सगळं शोभेचं."

मं.ला राहवेना. बाहेरच्यानं गप्प बसावं हे त्याला कधीच जमलेलं नाही. "पण तो तिसऱ्या बेसवर पोचला कसा? डॅरा येतो तेव्हा बेस भरलेले असतात, व्हॅश येते तेव्हा रिकामे. तिनं घरी आणायचं कुणाला?"

"मग तू काय मोजतोस?"

"आउट. ते मोजकेच मिळतात आपल्याला. जो ते वाया घालवत नाही तो चांगला बॅटर. मग बॅटनं बेसवर जा, नाहीतर चालत जा."

डॅरा म्हणाला, त्याला एकच माप कळतं, बॉल घोड्यांपर्यंत गेला की नाही.

फर्गल हसून म्हणाला, "चालत चालत कुणी मॅच जिंकलेली मी तरी बघितली नाही." आणि माझ्याकडे वळून, "तुझं काय मत?"

मी म्हटलं, बॅट बॉलला लागली पाहिजे.

मं. मराठीत म्हणाला, "अगं, मी तुझीच बाजू घेतोय." मीही मराठीतच म्हटलं, "मला माहीतय. घेऊ नकोस." बाकीचे चहात बघत राहिले.

फर्गलनं जाता जाता मं.ला सांगितलं, बरं, मोज मग सगळ्यांचं, बघू काय निघतं. गंमत म्हणून म्हणाला असावा. मं.ला गंमत कळत नाही असं नाही, पण...

१८ मे, रविवार
मं.नं मोजलं. आजच्या मॅचनंतर सगळ्यांना फोनवर पाठवलं. लांब फटक्याला जास्त वजन, वॉकला साध्या हिटपेक्षा जरासं कमी. सगळं नीट समजावून. पहिला आमचा पिचर, तो बॅटही बरी फिरवतो. दुसरी मी. डॅरा पाचवा.

डॅराच म्हणाला, "युअर मॅन लग्न करून बसलाय ना फॉर्म्युल्याशी!" मोठा हशा. वाईट नव्हता तो. मीही हसले. फर्गल हसला नाही, नुसता फोन खिशात घातला.

घरी येईपर्यंत गाडीत रेडिओ.

२० मे, मंगळवार
आज बोलले शेवटी. इरा क्लासला गेली होती, बरं झालं.

म्हटलं, माझं नाव काढ त्यातून.

"का?"

"नवऱ्यानं बायकोला वर आणलं असं दिसतं."

"मी वर आणलं नाही. मी फक्त मोजलं."

"मोजायला मी सांगितलं होतं?"

तो म्हणाला, "नाव काढलं तरी बेसवर तूच होतीस, वैशू."

रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं. इतक्या हळू म्हणाला की पुढे काही बोलताच येईना. त्याला खरंच वाटतं मी चांगली खेळते. आणि मला ते त्याच्या तोंडून, त्या कारणासाठी, नकोय. हे त्याला कसं सांगायचं? त्याला दिसते ती बाई बॅट खांद्यावर ठेवून उभी असते. मला ती व्हायचंच नाहीय.

भाजी करपली. पोळीबरोबर लोणचं.

१ जून, रविवार
फर्गलनं सांगितलं, ऑगस्टमध्ये कॉर्कला स्पर्धा आहे, शनिवार-रविवार. सगळ्यांना नेता येणार नाही, व्हॅनमध्ये जागा मोजकी. जुलैअखेर नावं सांगेन.

आज मला शेवटून पहिली बॅटिंग. मी काही विचारलं नाही. तोच जवळ आला, "मनाला लावून घेऊ नकोस. नजरेचं काय आहे, ती सगळ्यांना येते. फटका येत नाही."

मला कॉर्कला जायचंय. लिहूनच ठेवते. बेचाळिसाव्या वर्षी परत बॅट हाती धरली ती फिरायला म्हणून नाही. मला खेळायचंय.

८ जून, रविवार
ठरवून गेले, आज बॅट फिरवायची. फिरवली. प्रत्येक वेळी. सगळे बाहेरचे बॉल, सगळे आउट.

पण एकदा, दुसऱ्या वेळी, रेषेबाहेर फाउल गेला तो बॉल, तो बॅटच्या बरोब्बर मधोमध लागला. हाताला काही जाणवलंच नाही. बरोब्बर लागलं की जाणवतच नाही, विसरले होते. किती वर्षं झाली.

मं. कुंपणाशी होता. माझी बॅग उचलून गाडीत ठेवली.

२२ जून, रविवार
परत तेच. फिरव, आउट. फिरव, आउट. फर्गल खूश दिसतो, "आता कशी तू बॅट दाखवतेयस!" आउट झाले तरी खूश! मं. हातातली पेन्सिल दातांत धरून बसला होता.

मधल्या वारी डॅराबरोबर नेटमध्ये सरावाला जाते आहे. चांगला मुलगा आहे. मी त्याला सांगितलं, त्या दिवशीच्या आकड्यांचं वाईट वाटून घेऊ नको. म्हणाला, "कसले आकडे?" खरंच विसरला होता. इतके दिवस मीच उगाळत होते.

६ जुलै, रविवार
इरा आली आज मॅचला, मैत्रिणीचा वाढदिवस रद्द झाला म्हणून. कुंपणाला टेकून चिप्स. मी तिच्यासमोर चारही वेळा आउट.

येताना मागच्या सीटवरून म्हणाली, "मॅम, यू यूज्ड टू बी वे मोअर अनॉइंग."

"म्हणजे?"

मी मराठीत बोलायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असंच चालतं आमचं. तिनं सांगितलं ते असं: एप्रिलमध्ये ती एकदा आली होती, तेव्हा मी बॉल सोडत होते, सोडत होते, आणि पिचरचा चेहरा लाल होत चालला होता. मी बेसवर गेले तेव्हा तो मातीला लाथा मारत होता. पुढच्याला त्यानं जो बॉल टाकला तो टाकून दिल्यासारखा टाकला. "इट वॉज ग्रेट क्रॅक." म्हणजे भारी मजा आली.

मं.नं आरशातून तिच्याकडे बघितलं. "पुढचा कोण होता?"

"द बिग लॅड."

म्हणजे डॅरा. मं. घरी आल्यावर गॅरेजमध्ये उभा राहून म्हणाला, "हे मी धरलंच नाहीय." लहान झाल्यासारखा दिसत होता. मी म्हटलं, असू दे, तेरा वर्षांची पोर आहे, काहीही बोलते. "नाही," म्हणाला, "बरोबर बोलते."

१३ जुलै, रविवार
आज बॉल सोडले. ठरवून नाही, थकले होते म्हणून. हात वर उचलवत नव्हता, काल बाग केली. तर उभी राहिले आणि जो बाहेरचा दिसला तो जाऊ दिला. तीन वॉक. पिचर शेवटी शेवटी माझ्याकडे बघेचना.

माझ्यानंतर कोण येतं हे मी कधी बघितलंच नव्हतं. पहिल्या बेसवर उभी राहून आज बघितलं. खरंच, पुढच्याला मधोमध बॉल मिळतो.

मैदानावरून निघताना डॅरा फर्गलशी बोलत होता. मी शूज बदलत होते, ऐकू आलं. "तिला माझ्या आधी ठेव. तिच्यानंतर पिचर संपलेला असतो. माझं काम अर्धं होतं."

फर्गल म्हणाला, "तुलाही आता आकडे पाठवायला लागला काय तो?"

"आकडे नाहीत रे. मी उभा असतो तिथे. मला दिसतं."

मं.ला सांगितलं नाही. का माहीत नाही. उद्या सांगेन.

१४ जुलै, सोमवार
सांगितलं. खूश होईल वाटलं होतं. झाला, पण मग म्हणाला, "म्हणजे मी दोन महिने सांगत होतो ते नाही ऐकलं, आणि डॅरानं एकदा सांगितल्यावर..." वाक्य सोडून दिलं. चहा केला दोघांसाठी. आलं जास्त घातलं.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याचं खरंच आहे.

२७ जुलै, रविवार
नावं आली. कॉर्कला मी आहे. आणि पहिली बॅटिंग!

फर्गल म्हणाला, "डॅरा ऐकत नाही, तुझा नवरा ऐकत नाही, म्हातारा माणूस मी, किती जणांशी भांडू." पण माझ्याकडे बघून असंही म्हणाला, "मला अजून पटलेलं नाहीय, व्हॅश." प्रामाणिक आहे. मला तो आवडतो याचं कारण तेच.

आईला सांगितलं. "उभं राहून राहून गेली वाटते कॉर्कले," म्हणाली. पण शेजारच्या काकूंना लगेच हाक मारून सांगितलं, माझ्यासमोरच.

१६ ऑगस्ट, शनिवार. कॉर्क
घाईत लिहितेय. खालच्या मजल्यावर सगळे जेवायला थांबलेत.

दुपारी सेमी फायनल. शेवटची इनिंग, बरोबरी, आमची बॅटिंग, दोन आउट. बेस तिन्ही भरलेले. आणि मी.

तीन बॉल बाहेर, दोन स्ट्राइक. म्हणजे आणखी एक बाहेर पडला की वॉक, तिसऱ्या बेसवरचा आपोआप घरी, मॅच आमची. आत पडला आणि मी सोडला तर आउट.

बॉल सुटला तेव्हाच दिसलं, बाहेर चाललाय. कळलं मला. नजर तेवढी आहे. आणि तरी हात गेले.

लागला. बॅटच्या टोकाला, पण लागला, फर्स्ट बेसवाल्याच्या डोक्यावरून गवतात. जिंकलो. सगळे अंगावर. फर्गल कुबड्या माणसासारखा धावत आला, कमरेचं दुखणं आहे त्याला, आणि ओरडत होता, "दॅट्स अ बॅट! दॅट्स अ बॅट!" मी रडले बहुतेक. हेल्मेटमध्ये कुणाला दिसलं नसेल.

मं. कुंपणापाशी टाळ्या वाजवत होता. सगळे थांबले तरी वाजवत होता.

मग सामान भरताना, दोघंच असताना, म्हणाला, "बाहेर होता."

"हो."

"सोडला असतास तरी जिंकलो असतो."

"हो."

"मग?"

बोलावतायत खालून.

१७ ऑगस्ट, रविवार
फायनल हरलो. मोठ्या फरकानं हरलो. समोरचे दुसऱ्याच तयारीचे होते. मी दोन वॉक, दोन आउट. डॅराचा एक बॉल नदीच्या दिशेनं गेला तो परत आलाच नाही.

परतताना व्हॅनमध्ये परत तोच वाद, कालच्या बॉलचा. डॅरा म्हणतो, लागला ना, मग चांगलाच बॉल होता. फर्गल म्हणतो, अंपायर आत देणारच होता, त्यानं दिवसभर तसले आत दिले, मॅच पुढे लांबली असती, व्हॅशनं वाचवलं. स्कोअर लिहायला म्हणून व्हॅनमध्ये घेतलेला मं. म्हणतो, वीतभर बाहेर होता, कुठलाच अंपायर आत देणार नाही, निर्णय चूक, निकाल बरोबर. मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

कालच्या 'मग?'चं उत्तर मं.नं परत मागितलं नाही. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले.

१८ ऑगस्ट, सोमवार
सुट्टी घेतली. सगळं अंग ठणकतंय.

मं. टेबलाशी कालचे-परवाचे आकडे भरत होता. मी बाजूला बसून बघत होते. शनिवारचा तो फटका हिट म्हणून धरावाच लागतो. म्हणाला, "गंमत बघ, तुझा सगळ्यात वाईट निर्णय, आणि तुझा आकडा वर गेला."

मग मी सांगितलं त्याला. म्हटलं, तुला वाटेल मला वाटलं तो आत येईल. नाही वाटलं. मला माहीत होतं. पण मला चालत जाऊन जिंकायचं नव्हतं. सगळे जिंकले असते आणि मी पहिल्या बेसवर चालत चालले असते. ते मला नको होतं.

त्याला वाईट वाटेल वाटलं. त्यानं आकडे भरणं थांबवलं. म्हणाला, "आणि चुकला असता तर? ती सगळी पोरं?"

तिसऱ्या बेसवर आमचा पिचर उभा होता, घरी यायला टपून. त्याचा विचार माझ्या मनात आलाच नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
शेवटची साधी मॅच. थंडी पडली. एक वॉक, एक हिट. ती हिट मात्र आतल्या बॉलवर, बॅटच्या मधोमध. मं.नं आणि मी एकाच वेळी एकमेकांकडे बघितलं. 

इरानं विचारलं, पुढच्या वर्षी मुलींची टीम निघणार आहे का. सहज विचारल्यासारखं विचारलं. मीही सहज म्हटलं, बघू.

२१ सप्टेंबर, रविवार
फर्गलकडे चहाला बोलावलं होतं. त्याची बायको ब्राउन ब्रेड करते, त्यावर मी नेलेली चटणी लावून खाल्ली त्यानं, डोळ्यांत पाणी आलं तरी. कमरेचं ऑपरेशन आहे जानेवारीत. वसंतात मैदानावर उभं राहता येणार नाही.

म्हणाला, "पहिल्या मॅचेसना टीम तू लाव."

मी म्हटलं, मी? तुला तर माझं अजून पटत नाही.

"नाहीच पटत. पण तू दोन्हीकडून उभी राहिलीयस. डॅराला फक्त मारता येतं, तुझ्या नवऱ्याला फक्त मोजता येतं." मग जरा थांबून, "आणि मला आता फक्त बडबडता येतं."

घरी आल्यावर जेवायच्या टेबलावर कागद घेऊन बसले. अजून सहा-सात महिने आहेत, पण राहवेना. नावं भराभर बसली. शेवटी उरलो दोघं, डॅरा आणि मी, आणि जागा दोन, पहिली आणि चौथी. पहिल्यानं बेसवर जायचं. चौथ्यानं सगळ्यांना घरी आणायचं.

मं. ताटं पुसता पुसता मागून डोकावला. "यात विचार करण्यासारखं काय आहे?"

काही नाही. मलाही दिसतंय. डॅराचं नाव चौथ्या जागी लिहिलं. मग खोडलं. मं.नं बघितलं आणि फडकं वाळत घालायला गेला.